हॅनोव्हर आणि घबराटीवरच्या औषधांचा इतिहास

पॅनिक डिसऑर्डर या आजारात कोणतेही दिसणारे कारण नसताना अचानक तीव्र भीतीचा झटका येतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो आणि आपण आता मरणार किंवा भ्रमिष्ट होणार अशी खात्री वाटू लागते. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. त्यानंतर पुढचा झटका कधी येईल याची धास्ती मात्र मागे उरते. या धास्तीने माणूस बाजार, बस, लिफ्ट, गर्दी टाळू लागतो आणि काहींना घराबाहेर पडणेही अशक्य होते. 'पॅनिक डिसऑर्डर' हे निदान वैद्यकात १९८० साली रूढ झाले असले, तरी असे रुग्ण आणि त्यांना शांत करू पाहणारी औषधे फार जुनी आहेत. उत्तर जर्मनीतील हॅनोव्हर शहर आणि त्याच्या अमलाखालचा प्रदेश या औषधांच्या इतिहासात अनेकदा भेटतो. दरबारी वैद्य, औषधविक्रेते, पोटॅशच्या खाणी, मनोरुग्णालये, औषध कंपनी आणि वैद्यकीय विद्यापीठ असे त्याचे टप्पे आहेत.

दरबारी वैद्याचे दुखणे

१७१४ ते १८३७ या काळात हॅनोव्हर आणि ब्रिटन यांचा राजा एकच होता. तिसरा जॉर्ज साठ वर्षे गादीवर होता, पण हॅनोव्हरला एकदाही आला नाही. त्याच्या या शहरातील दरबारी वैद्याच्या जागेवर १७६८ साली योहान गेओर्ग झिमरमान या स्विस डॉक्टरची नेमणूक झाली. १७२८ साली ब्रुग या गावी जन्मलेला झिमरमान गॉटिंगन विद्यापीठात आल्ब्रेख्त फॉन हालर यांच्या हाताखाली शिकला होता. एकांतावरच्या त्याच्या ग्रंथाने त्याला युरोपभर कीर्ती मिळवून दिली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या अखेरच्या आजारात, १७८६च्या उन्हाळ्यात, त्यालाच बोलावणे आले.

झिमरमान स्वतः आयुष्यभर मनाच्या अस्वस्थतेने पछाडलेला होता. त्या काळी या तक्रारींना 'हायपोकाँड्रिया' म्हणत आणि त्यांचे मूळ पोटात, यकृतात व प्लीहेत आहे असे मानत. पोट बिघडले की त्याची वाफ डोक्याला चढते आणि भीती, उदासी, धडधड सुरू होते, अशी उपपत्ती होती. उपचारही त्याच मार्गाने जात: रेचक, कडू वनस्पतींचे अर्क, घोड्यावरून रपेट आणि झऱ्यांचे पाणी. हॅनोव्हरच्या नैर्ऋत्येला असलेल्या पिरमाँटच्या लोहयुक्त, फसफसणाऱ्या पाण्याची ख्याती मोठी होती. उन्हाळ्यात तिथे सरदार, सावकार, लेखक यांची गर्दी होई आणि झिमरमानही त्यांत असे. बाटल्यांत भरलेले हे पाणी दूरदूर विकले जाई.

या उपचाराचा त्याला अखेरीस उपयोग झाला नाही. शेवटच्या वर्षांत फ्रेंच सैन्य येऊन आपल्याला लुटेल, आपण भिकेला लागू, उपाशी मरू, या भीतीने त्याला ग्रासले. ऑक्टोबर १७९५ मध्ये त्याचे हॅनोव्हरमध्ये निधन झाले. त्याच्या अखेरच्या अवस्थेला आजचे निदान चिकटवणे योग्य नाही. त्याच्या आयुष्यातून एवढेच दिसते की सधन, विद्वान आणि स्वतः वैद्य असलेल्या माणसालाही अठराव्या शतकात भीतीवर झऱ्याच्या पाण्यापलीकडे फारसे औषध उपलब्ध नव्हते.

अफू, मॉर्फिन आणि मनोरुग्णालये

एक औषध तरीही होते, ते म्हणजे अफू. तिचा गुण रोपागणिक आणि वर्षागणिक बदले, त्यामुळे मात्रा ठरवणे जोखमीचे असे. फ्रीड्रिश व्हिल्हेल्म सेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने पाडरबोर्न इथे अफूमधला गुंगी आणणारा घटक, म्हणजे मॉर्फिन, वेगळा काढला. पुढे आइनबेक गावी असताना त्याने काम वाढवले आणि १८१७ मध्ये मॉर्फिनवरचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. आयुष्याची शेवटची दोन दशके त्याने हॅनोव्हर राज्यातील हामेल्न इथे औषधाचे दुकान चालवले आणि १८४१ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. वनस्पतीतील औषधी द्रव्य शुद्ध करून वजनावर मोजून देता येते, हे या शोधाने दाखवले. वेदना आणि अस्वस्थता दोन्ही शमवणारे हे द्रव्य लवकरच डार्मश्टाटच्या मेर्क कंपनीने मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. त्याची चटक लागते हे मात्र पुढच्या काही दशकांत, इंजेक्शनची सुई आल्यानंतर, सर्वांच्या लक्षात आले.

याच काळात हॅनोव्हर राज्यात मनोरुग्णांसाठी संस्था उभ्या राहू लागल्या. १८२७ साली हिल्डेसहाइम इथे जुन्या मठाच्या वास्तूत मनोरुग्णालय सुरू झाले. १८६२ साली डॉ. फेर्डिनांड वारेनडॉर्फ यांनी हॅनोव्हरच्या पूर्वेला इल्टेन या खेड्यात खासगी रुग्णालय काढले. १८८० पासून त्यांनी बऱ्या होत चाललेल्या रुग्णांना गावातल्या शेतकरी कुटुंबांत ठेवण्याची पद्धत सुरू केली. रुग्ण कुटुंबाबरोबर जेवत, शेतात आणि गोठ्यात हाताला लागेल ते काम करत आणि डॉक्टर त्यांना भेटायला घरी जात. १८६६ मध्ये गॉटिंगनलाही मनोरुग्णालय उघडले आणि लुडविग मायर त्याचे प्रमुख झाले. रुग्णाला बांधून ठेवू नये या मताचे ते जर्मनीतील आघाडीचे पुरस्कर्ते होते. त्याच वर्षी प्रशियाने हॅनोव्हर राज्य खालसा करून आपला प्रांत बनवले.

रुग्णाला बांधायचे नाही असे ठरल्यावर त्याला शांत ठेवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शामक औषधांची मागणी वाढली, तिचे एक कारण हे होते.

खाणीतून आलेले शामक

ब्रोमिन हे मूलद्रव्य फ्रान्समध्ये आंत्वान बालार यांनी १८२६ साली शोधले. लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये फिट्सच्या रुग्णांवर पोटॅशियम ब्रोमाइड गुणकारी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर ते बेचैनी, निद्रानाश आणि 'नसांच्या' सर्व तक्रारींवर दिले जाऊ लागले. सुरुवातीला ते महाग होते. ते स्वस्त झाले जर्मनीतील पोटॅशच्या खाणींमुळे. या खाणींतील कार्नालाइट या क्षारातून खतासाठी पोटॅश काढल्यावर उरणाऱ्या द्रावणात ब्रोमिन असते. ते वेगळे काढून विकण्याचा धंदा १८६५ मध्ये श्टासफुर्ट इथे आडोल्फ फ्रांक यांनी सुरू केला. शतकाच्या अखेरीस हॅनोव्हरच्या आसपासही पोटॅशच्या अनेक खाणी खोदल्या गेल्या. इल्टेनचे रुग्णालय ज्या सेहन्डे गावाच्या हद्दीत आज येते, तिथेही अशी खाण होती. काली-केमी या कंपनीचे मूळ याच खाण उद्योगात आहे. ही कंपनी पुढे पुन्हा येईल.

ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निम्मी मात्रा निघून जायलाच दहा-बारा दिवस लागतात. रोज घेत राहिल्यास ते साचते आणि काही आठवड्यांनी रुग्ण सुस्त, विसराळू, अडखळत बोलणारा होतो. अंगावर पुरळ उठतात, क्वचित भ्रमही होतात. जे औषध चित्त शांत करण्यासाठी दिले, त्यानेच चित्त बिघडलेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले आणि 'ब्रोमिझम' हे एक स्वतंत्र निदान झाले.

ब्रोमाइडच्या जोडीला १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइश यांनी क्लोरल हायड्रेट आणले. १९०३ मध्ये व्हेरोनाल हे पहिले बार्बिट्युरेट आणि १९१२ मध्ये ल्युमिनाल बाजारात आले. प्रत्येक औषधाचे स्वागत आधीच्यापेक्षा निर्धोक म्हणून झाले आणि प्रत्येकाची सवय लागते हे वापरातून कळले. बार्बिट्युरेटची गुणकारी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतर कमी असते. त्यामुळे झोपेच्या गोळ्या हे आत्महत्येचे आणि अपघाती मृत्यूचे साधनही बनले.

आजाराला नाव मिळते

ही सर्व औषधे सरसकट बेचैनीवर दिली जात. झटक्यांचा आजार हा काही वेगळा प्रकार आहे, ही जाणीव हळूहळू आली. अमेरिकेतील यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडीचे वर्णन जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये केले आणि तिला हृदयाचा विकार मानले. त्याच सुमारास बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक आणि निर्मनुष्य रस्ते ओलांडताना गर्भगळित होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या स्थितीला 'अगोराफोबिया' म्हटले. १८९५ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेचा विकार सर्वसाधारण थकव्याच्या विकारापासून वेगळा काढला आणि त्यात एकाएकी येणाऱ्या झटक्यांची लक्षणे नोंदवली.

जर्मनीत असे रुग्ण विसाव्या शतकातही बहुधा हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे जात. हृदयात दोष सापडला नाही की 'हेर्त्सनॉयरोझे', म्हणजे हृदयाचा मज्जाविकार, अशी नोंद होई, शामक लिहून दिले जाई आणि पुढच्या झटक्याला रुग्ण पुन्हा तिथेच येई.

युद्धानंतरच्या गोळ्या

नाझी राजवटीत हॅनोव्हर प्रांतातील मनोरुग्णालयेही मनोरुग्णांच्या हत्याकांडात ओढली गेली. सप्टेंबर १९४० मध्ये आसपासच्या संस्थांतील ज्यू रुग्णांना वुन्स्टॉर्फ इथे गोळा करून तिथून ब्रांडेनबुर्गच्या वधगृहात पाठवण्यात आले. युद्धानंतर मनोरुग्णालयांवरचा लोकांचा विश्वास उडालेला होता. ज्यांना झटके, धास्ती, निद्रानाश यांचा त्रास होता, ते शक्यतो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात जात.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी ग्रुनेन्थाल कंपनीने काँटरगान हे शामक पश्चिम जर्मनीत बाजारात आणले. ते डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळे आणि जास्त मात्रेनेही मृत्यू होत नाही अशी त्याची जाहिरात होती. त्यातील थॅलिडोमाइडमुळे गरोदर स्त्रियांच्या पोटातील बाळांचे हातपाय खुंटतात, हे हाम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ व्हिडुकिंड लेन्त्स यांनी निदर्शनास आणले आणि नोव्हेंबर १९६१ अखेरीस औषध मागे घेण्यात आले. जगभरात हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली, त्यांतली निम्म्याच्या आसपास जर्मनीत. एका साध्या शामकाने घडवलेल्या या अनर्थामुळे जर्मनीचे औषध कायदे पुढे कडक झाले आणि १९७६च्या कायद्याने नव्या औषधाची सुरक्षितता आणि उपयुक्तता आधी सिद्ध करणे बंधनकारक झाले.

काँटरगान गेले तेव्हा त्याची जागा घेणारे औषध हजर होते. रोश कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिओ श्टेर्नबाख यांनी अमेरिकेत शोधलेले लिब्रियम १९६० मध्ये आणि व्हॅलियम १९६३ मध्ये आले. ही बेन्झोडायझेपिन गटातील औषधे मेंदूतील गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. अर्ध्या-एक तासात भीती ओसरते, स्नायू सैल पडतात. जास्त मात्रा झाली तरी, सोबत दारू किंवा अन्य शामक नसेल तर, बार्बिट्युरेटइतका धोका नसतो. जर्मनीत लोराझेपाम हे 'टावोर' या नावाने घरोघरी पोचले. लिब्रियम एकदम थांबवल्यास फिट्स येऊ शकतात, हे अमेरिकन डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. पण मोठ्या मात्रेतच असे होते, नेहमीच्या मात्रेत नाही, या समजुतीवर पुढची जवळपास दोन दशके गेली.

परिचारिकांच्या लक्षात आलेला बदल

पॅनिक डिसऑर्डरवरच्या खऱ्या उपचाराची वाट मात्र शामकांतून निघाली नाही. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात १९५९च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन हे तरुण डॉक्टर इमिप्रामिन या नव्या औषधाचा अभ्यास करत होते. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी नैराश्यावर उपयोगी ठरवलेले हे औषध क्लाइन यांनी अशा रुग्णांना दिले, ज्यांना अचानक भीतीचे झटके येत आणि ज्यांच्यावर त्या काळची अन्य औषधे निष्प्रभ ठरली होती. तीन आठवड्यांनी रुग्णांना विचारले तर ते म्हणत, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फारसा बदल दिसत नव्हता. एका परिचारिकेने मात्र वेगळेच सांगितले. हे रुग्ण दिवसातून तीन-चार वेळा 'मी मरतोय' म्हणत तिच्या टेबलाकडे धावत येत आणि ती त्यांचा हात धरून बसे. गेल्या आठवड्यात हे धावणे थांबले होते. झटके बंद झाले होते. पुढच्या झटक्याची धास्ती तेवढी कायम होती, म्हणून रुग्णांना बरे वाटत नव्हते.

यातून क्लाइन यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. झटका ही एक गोष्ट आणि त्याची आगाऊ धास्ती ही दुसरी. इमिप्रामिन पहिलीवर काम करत होते, शामके दुसरीवर. १९६४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणातही ते आले आणि त्यामार्गे जर्मन डॉक्टरांच्या नोंदवहीत 'पानिकश्टोरुंग' हा शब्द स्थिरावला.

निदान मान्य होताच बेन्झोडायझेपिनचे उत्पादकही या रुग्णांकडे वळले. अपजॉन कंपनीच्या अल्प्राझोलामची चाचणी जेराल्ड क्लर्मन यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झाली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात सुमारे ५०० रुग्ण होते. औषधाचा परिणाम पहिल्या आठवड्यापासूनच दिसत होता आणि १९९० मध्ये अमेरिकेत पॅनिक डिसऑर्डरसाठी त्याला परवानगी मिळाली. लंडनचे आयझॅक मार्क्स यांनी या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. त्यांच्या लंडन आणि टोरांटो इथल्या १९९३च्या अभ्यासात १५४ रुग्णांना अल्प्राझोलाम, भीतीच्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव, किंवा दोन्ही देण्यात आले. गोळी बंद केल्यावर तिचा फायदा ओसरला, सरावाचा फायदा मात्र टिकला. झटका लवकर थांबवणे आणि आजार बरा करणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे या वादातून स्पष्ट झाले.

जर्मनीत या काळात गोळ्यांच्या सवयीचा प्रश्न मोठा झाला होता. बेन्झोडायझेपिन आणि तत्सम औषधांवर अवलंबून असलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असावी, असा तिथल्या व्यसनमुक्ती क्षेत्राचा अंदाज आहे. त्यांत वयस्क स्त्रियांचे प्रमाण मोठे. सरकारी विमाधारकाची चिठ्ठी गुलाबी कागदावर असे आणि तिचा हिशेब विमा संस्थेकडे जाई. बंधने वाढली तसे अनेक डॉक्टर या गोळ्या निळ्या, खासगी चिठ्ठीवर लिहू लागले. रुग्ण खिशातून पैसे देई आणि विमा संस्थेच्या आकडेवारीत गोळ्यांचा खप घटल्याचे दिसे. ब्रेमेनचे औषधतज्ज्ञ गेर्ड ग्लेस्के यांनी हा प्रकार वर्षानुवर्षे आकड्यांनिशी मांडला. डॉक्टरांसाठी जर्मनीत चार नियम सांगितले जातात: स्पष्ट कारण असेल तरच औषध द्यावे, लागेल तेवढीच कमी मात्रा द्यावी, थोडेच दिवस द्यावे आणि कधीही एकदम बंद करू नये.

काली-केमी ते सोल्वे

पोटॅश आणि सोडा यांत वाढलेली काली-केमी कंपनी विसाव्या शतकात औषधांच्याही धंद्यात उतरली. तिचे मुख्यालय हॅनोव्हरला होते आणि शहराजवळच्या नॉयश्टाट आम रुबेनबेर्गे इथल्या कारखान्यात स्वादुपिंडाच्या विकरांपासून केलेले क्रिओन हे पचनाचे औषध बनत असे. कंपनी बेल्जियमच्या सोल्वे या रसायन समूहाच्या ताब्यात गेली. १९८० मध्ये सोल्वेने फिलिप्सकडून डुफार ही डच औषध कंपनीही विकत घेतली. सोल्वेच्या औषध व्यवसायाचे एक मुख्य केंद्र हॅनोव्हरच्या हान्स ब्योक्लर आलेवर, जुन्या काली-केमीच्या पत्त्यावर, होते.

डुफारबरोबर जे सोल्वेच्या हाती आले, त्यात फ्लुव्हॉक्सामिन होते. व्हेस्प इथल्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात तयार झालेले हे औषध मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचे पेशींत पुन्हा शोषण रोखते. या गटाला एसएसआरआय म्हणतात. याच प्रकारचे झिमेलिडिन हे स्वीडिश औषध १९८२ मध्ये आले आणि मज्जातंतूंवरच्या दुष्परिणामामुळे वर्षभरात मागे घ्यावे लागले. १९८३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आलेले फ्लुव्हॉक्सामिन त्यामुळे बाजारात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या एसएसआरआय औषधांपैकी एक ठरले. अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळायला त्यानंतर चार वर्षे लागली. जर्मनीत फ्लुव्हॉक्सामिन 'फेव्हारिन' या नावाने हॅनोव्हरच्या पत्त्यावरून विकले जाई. जपानमध्ये १९९९ साली आलेले पहिले एसएसआरआय हेच.

पॅनिक डिसऑर्डरच्या संदर्भात त्याचा महत्त्वाचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला. योहान डेन बूर आणि हेर्मान वेस्टेनबेर्ग यांनी १९८८ मध्ये काही रुग्णांना फ्लुव्हॉक्सामिन आणि काहींना मॅप्रोटिलिन दिले. पहिले सेरोटोनिनवर, दुसरे नॉरअॅड्रिनॅलिनवर काम करणारे. झटके पहिल्याने कमी झाले, दुसऱ्याने नाही. इमिप्रामिन दोन्ही रसायनांवर काम करत असल्याने क्लाइन यांच्या काळात जे कळणे शक्य नव्हते, ते या तुलनेतून कळले. झटक्यांवरच्या उपचारात सेरोटोनिनचा वाटा मोठा आहे, याला तिथून बळ मिळाले.

या औषधाच्या वापरातील बारकावे डॉक्टरांना हळूहळू उमगत गेले. एसएसआरआयने पहिल्या आठवड्यात उलट बेचैनी आणि धडधड वाढू शकते. पॅनिकचा रुग्ण अशा संवेदनांना आधीच घाबरलेला असतो आणि गोळी सोडून देतो. म्हणून नैराश्याच्या रुग्णापेक्षाही कमी मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवतात आणि पहिले दोन-चार आठवडे कसे जातील याची रुग्णाला आधीच कल्पना देतात. फ्लुव्हॉक्सामिनची आणखी एक खोड आहे. ते यकृतातील एका विकराला अडवते आणि कॉफीतील कॅफिनचे विघटन त्याच विकराकडून होते. एका अभ्यासात कॅफिनची निम्मी मात्रा शरीरातून जायला लागणारा वेळ साधारण पाच तासांवरून तीस तासांच्या आसपास गेला. सकाळच्या दोन कप कॉफीचा अंश दुसऱ्या दिवशीही रक्तात राहतो आणि कॅफिन तर संवेदनशील माणसात झटका घडवून आणू शकते. दम्यासाठीचे थिओफिलिन आणि स्नायू सैल करणारे टिझानिडिन यांच्याबरोबरही या औषधाचे वैर आहे.

जर्मनीत फ्लुव्हॉक्सामिनला परवानगी मिळाली ती नैराश्य आणि ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर यांसाठी. पॅनिक डिसऑर्डरची अधिकृत मान्यता त्याच गटातील पॅरॉक्सेटिन, सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्राम आणि सर्ट्रालिन यांच्याकडे गेली. अमेरिकेत १९९६ साली ही मान्यता मिळवणारे पहिले एसएसआरआय पॅरॉक्सेटिन होते.

हॅनोव्हरच्या या कंपनीचा एक धागा मुंबईतही होता. डुफार-इंटरफ्रान ही मुंबईची कंपनी नंतर सोल्वे फार्मा इंडिया झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये सोल्वेचा जगभरचा औषध व्यवसाय अमेरिकेच्या अॅबट कंपनीने साडेचार अब्ज युरोंहून अधिक किमतीला घेतला आणि हॅनोव्हर व मुंबई या दोन्ही ठिकाणचा कारभार तिच्याकडे गेला.

विद्यापीठ आणि मार्गदर्शिका

हॅनोव्हरचे वैद्यकीय विद्यापीठ, एमएचएच, १९६५ साली सुरू झाले. मनोविकार विभागाची सूत्रे कार्ल पेटर किस्कर यांच्याकडे आली आणि त्यांनी सामाजिक मनोविकारशास्त्राला तिथे पाया घालून दिला. रुग्णाला दूरच्या संस्थेत न ठेवता त्याच्या वस्तीजवळच उपचार द्यायचे, ही दिशा १९७५च्या जर्मन संसदेच्या मनोविकारसेवांवरील अहवालानेही स्वीकारली. झटक्यांच्या रुग्णाला हे विशेष उपयोगी होते, कारण ज्या रस्त्याला आणि ट्रामला तो घाबरतो, तिथेच त्याचा सराव व्हावा लागतो. पुढे मनोविकारांवरील औषधांचे गंभीर दुष्परिणाम नोंदवणाऱ्या, १९९३ पासून चालू असलेल्या एएमएसपी या जर्मनभाषक रुग्णालयांच्या प्रकल्पातही हॅनोव्हर हे महत्त्वाचे केंद्र बनले. औषध बाजारात आल्यानंतर वर्षानुवर्षे त्याच्यावर नजर ठेवण्याची व्यवस्था ब्रोमाइडच्या किंवा काँटरगानच्या काळात नव्हती.

पॅनिक डिसऑर्डरवरचे या भागातील सर्वाधिक काम मात्र गॉटिंगनला झाले. बोरविन बांडेलो यांनी १९९५ मध्ये आजाराची तीव्रता मोजणारी तेरा प्रश्नांची श्रेणी तयार केली. झटक्यांची संख्या, टाळाटाळ, आगाऊ धास्ती, कामकाजातील अडथळे आणि तब्येतीची काळजी यांना मिळून ० ते ५२ गुण पडतात. झटके थांबले तरी धास्ती राहते, ही क्लाइन यांच्या परिचारिकेची नोंद अशा श्रेणीत वेगळी दिसते. १९९८ मध्ये तिथल्याच आंद्रेआस ब्रोक्स, बांडेलो आणि सहकाऱ्यांनी ४६ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला इमिप्रामिनच्या गटातील क्लोमिप्रामिन, दुसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी आणि तिसऱ्याला नियमित धावण्याचा व्यायाम. दहा आठवड्यांनी धावणाऱ्यांना दिखाऊ गोळीपेक्षा नक्कीच बरे वाटत होते. क्लोमिप्रामिनचा परिणाम मात्र त्याहून लवकर आणि अधिक होता.

वनस्पतिजन्य औषधांकडे जर्मन ग्राहकाचा ओढा जुना आहे. बेचैनीवर लोकप्रिय असलेल्या कावा या पॅसिफिक बेटांवरील वनस्पतीच्या गोळ्यांवर यकृताच्या इजांमुळे २००२ मध्ये बंदी आली. २०१४ मध्ये न्यायालयाने ती उठवली आणि २०१९ मध्ये परवाने पुन्हा रद्द झाले. लॅव्हेंडरच्या तेलाच्या कॅप्सूल २०१० पासून मिळतात, पण त्या चिंतायुक्त अस्वस्थतेसाठी आहेत, पॅनिक डिसऑर्डरसाठी नाहीत.

बांडेलो यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये जर्मनीची चिंताविकारांवरील अधिकृत मार्गदर्शिका तयार झाली आणि २०२१ मध्ये ती सुधारण्यात आली. तिच्यानुसार पॅनिक डिसऑर्डरच्या रुग्णाला मानसोपचार, विशेषतः विचार आणि वर्तन यांवरची थेरपी, आणि औषध हे दोन्ही पर्याय द्यायचे असतात आणि निवडीत रुग्णाच्या इच्छेला स्थान असते. औषधांत एसएसआरआय गटातील मान्यताप्राप्त औषधे आणि व्हेनलाफॅक्सिन यांना पहिली पसंती आहे. ती उपयोगी पडली नाहीत किंवा सोसली नाहीत तर क्लोमिप्रामिन. बरे वाटू लागल्यावरही औषध सहा ते बारा महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात, कारण एसएसआरआय एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना होऊ शकतात. तरुण रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावे लागते. बेन्झोडायझेपिन गुणकारी असूनही नेहमीच्या उपचारात सुचवलेली नाहीत. गंभीर हृदयविकार, अन्य औषधे देता न येणे, आत्महत्येचा धोका अशा अपवादात्मक स्थितीत, फायदा-तोटा तोलूनच ती द्यायची आहेत. वर्षानुवर्षे ती घेत असलेल्यांची मात्रा आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी उतरवली जाते आणि त्या काळात परत येणारी बेचैनी हा मूळ आजार आहे की गोळी कमी झाल्याचा परिणाम, हे डॉक्टरला प्रत्येक पायरीवर पाहावे लागते.